दाब समान 'राहतो' की 'करावा लागतो'?

ज्ञानेंद्रियांचा पाठ आला की कानाची आकृती येतेच. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, आंतरकर्ण. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे. शेवटी गोगलगाईसारखा शंख. आकृतीच्या खालच्या बाजूला घशाकडे उतरणारी एक नळी असते, ती युस्टेशियन नलिका. तिच्या वाट्याला पुस्तकात सहसा एकच वाक्य येते : या नलिकेमुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान राहतो. परीक्षेत त्याला एक गुण असतो. मुले ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि विषय तिथे संपतो.

हे विधान खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यातले क्रियापद चुकीचे आहे, आणि शेजारची आकृती ती चूक अधिक पक्की करते. एका शब्दासाठी एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर विहिरीत आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव घ्या, किंवा मराठवाड्यातले कोणतेही गाव घ्या. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. मुले पोहायला शिकतात ती शेतातल्या विहिरीत. पाठीला सुका भोपळा किंवा बंद डबा बांधून सुरुवात होते. मग डबा सुटतो, मग काठावरून मुटके मारले जातात, आणि शेवटी पैज लागते ती तळाची माती वर आणण्याची. विहिरीत पडलेली बादली गळ टाकूनही निघाली नाही, तर याच मुलांपैकी एखादा बुडी मारून ती काढतो. या प्रत्येक बुडीत, पुरुषभर पाण्याच्या खाली गेले की कान दुखू लागतात.

आता हाच विद्यार्थी वर्गात वाचतो की नलिकेमुळे दाब समान राहतो. मग त्याचा कान का दुखला? त्याच्यापुढे दोनच निष्कर्ष उरतात. एक, पुस्तकातले परीक्षेपुरते असते, विहिरीत ते लागू पडत नाही. दोन, आपल्या कानातच काहीतरी खोट आहे, ती सहन केली पाहिजे. पहिला निष्कर्ष विज्ञानशिक्षणाला घातक आहे, दुसरा कानाला.

पाण्याचा हिशेब

प्रथम या दुखण्याचा आकार पाहू या. हा हिशेब सातवी-आठवीच्या वर्गातही करता येईल. एक चौरस सेंटिमीटर पाया आणि एक मीटर उंची असलेल्या पाण्याच्या स्तंभाचे आकारमान १०० घन सेंटिमीटर, म्हणजे वजन १०० ग्रॅम. कानाच्या पडद्याचे क्षेत्रफळ हिशेबापुरते ०.६ चौरस सेंटिमीटर धरू. म्हणजे एक मीटर खोलीवर पडद्यावर बाहेरून ६० ग्रॅम वजनाइतके जास्तीचे बल येते. तीन मीटरवर ते १८० ग्रॅम होते. पडद्याची जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर. आतून तेवढाच दाब नसेल तर हा पातळ पडदा आत ओढला जाणार, हे सांगायला अधिक शास्त्राची गरज नाही.

हवेशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. कसारा घाट सुमारे ३०० मीटरांचा आहे. तो उतरताना कानांत दडे बसतात आणि एक-दोनदा आवंढा गिळला की सुटतात. पाणी हवेच्या साधारण साडेआठशेपट जड आहे. म्हणजे संपूर्ण कसारा घाट उतरताना हवेचा दाब जितका वाढतो, तितका पाण्यात दीड वीत खाली गेल्याबरोबर वाढतो. घाटाला गाडी पुष्कळ मिनिटे घेते. विहिरीत मुटका मारणारा मुलगा असे आठ-दहा घाट काही सेकंदांत उतरतो. आवंढा गिळायला त्याला उसंत तरी कुठली?

बॉइलचा नियम येथे उपयोगी पडतो. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो; दहा मीटर खोलीवर तो जवळजवळ दोन वातावरणे होतो आणि बंद हवेचे आकारमान निम्मे होते. दहा मीटरवरून वीस मीटरवर गेल्यावर ते निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते, म्हणजे घट मूळच्या एक षष्ठांशच. कानाला सर्वांत मोठा फरक पृष्ठभागाजवळच्या पहिल्या काही मीटरांत सोसावा लागतो. 'आमच्या विहिरीला पाणी ते किती, चार मीटर' असे म्हणून धोका कमी लेखता येत नाही. समुद्रातल्या पाणबुड्यालाही पहिले चार मीटरच सर्वांत अधिक जपावे लागतात.

आकृती काय सांगते, कान काय करतो

आता पुन्हा आकृतीकडे वळू. तिच्यात युस्टेशियन नलिका पन्हाळासारखी, सरळ आणि उघडी दाखवलेली असते. हे पाहून कोणीही समजेल की मध्यकर्णातली हवा आणि घशातली हवा कायमची जोडलेली आहे. तसे असते तर दाब खरोखरच समान 'राहिला' असता. कान दुखला नसता, दडे बसले नसते.

प्रत्यक्षात प्रौढ माणसात साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास लांबी असलेली ही नलिका बहुतेक वेळ बंद असते. तिचा कानाकडचा सुमारे एक तृतीयांश भाग हाडाचा आहे, तो उघडाच राहतो. उरलेला दोन तृतीयांश भाग कूर्चा आणि मऊ पडद्यांचा आहे, आणि त्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. आपण गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा टाळूचा पडदा ताणणारे स्नायू आकुंचन पावतात, भिंत बाजूला ओढतात आणि नलिका क्षणभर उघडते. कानात बारीकसा 'टक्' ऐकू येतो. नलिका बंद असण्यालाही कारण आहे. ती सतत उघडी राहिली तर आपलाच आवाज आणि श्वास आपल्या कानात घुमत राहील, आणि नाका-घशातले जंतू सहज वर जातील.

ही माहिती नवी आहे म्हणून पुस्तकात आली नाही, असेही नाही. या नलिकेला ज्याचे नाव आहे तो बार्तोलोमेओ युस्टाकी सोळाव्या शतकातला. तिला ते नाव देणारा अंतोनियो व्हाल्साल्वा याने १७०४ मध्ये कानावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नलिका उघडणाऱ्या स्नायूचे वर्णन त्याने केलेले आहे. नलिका एरवी बंद असते आणि गिळताना उघडते, हे जोसेफ टॉयन्बी या इंग्रज कर्णतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडले. म्हणजे आमची आकृती दीडशे वर्षांहून अधिक मागे आहे.

आणखी एक उणीव. नलिका 'घशात' उघडते असे लिहिले जाते. ती उघडते नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या पोकळीत. हा फरक किरकोळ नाही. सर्दी झाली की नेमकी हीच जागा सुजते आणि नलिकेचे तोंड बुजते. सर्दीत बुडी मारू नये, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आकृती नीट काढली तर आपोआप समजतो.

एकाच दिशेने सहज उघडणारे दार

मुलांचे एक निरीक्षण पुस्तकातल्या वाक्याने मुळीच उलगडत नाही. खाली जाताना कान दुखतो. वर येताना सहसा दुखत नाही. नळी उघडी असती तर दोन्ही वेळा काहीच व्हायला नको. ती पूर्ण बंद असती तर दोन्ही वेळा सारखाच त्रास व्हायला हवा.

याचा उलगडा वर्गात दोन मिनिटांत करता येतो. एका फुग्याची मान सुमारे पाच सेंटिमीटर लांब कापून घ्या. तिची एक बाजू सरबताच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधा. उरलेला रबरी भाग आतून ओला करून बोटांनी चपटा दाबा, म्हणजे त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतील. आता नळीतून हलकेच फुंका. रबर फडफडून हवा बाहेर जाते. मग हलकेच ओढून पाहा. रबराच्या भिंती अधिकच घट्ट मिटतात आणि हवा आत येत नाही. जितके जोराने ओढाल तितके दार पक्के बंद.

सरबताची नळी म्हणजे नलिकेचा हाडाचा भाग, फुग्याची मान म्हणजे मऊ भाग, आणि तुमचे तोंड म्हणजे मध्यकर्ण. वर येताना मध्यकर्णातली हवा प्रसरण पावते आणि मऊ भिंती ढकलून आपली आपण निसटते. खाली जाताना बाहेरचा दाब अधिक असतो, तो त्याच भिंती दाबून बंद करतो. म्हणून उतरताना दार स्नायूंनी उघडावे लागते, आणि ते वेळेवर उघडावे लागते. दाबातला फरक पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरांपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा मीटर पाण्याइतका झाला, की स्नायूंचे बळ अपुरे पडते आणि गिळूनही नलिका उघडत नाही. मग वर येण्यावाचून उपाय नाही. हट्टाने खाली गेल्यास मध्यकर्णाच्या अस्तराला सूज येते, रक्त साकळते आणि शेवटी पडदा फाटतो. काहींचा पडदा दीड मीटरच्या आसपासच्या फरकालाही फाटू शकतो. काहींचा पाच मीटरपर्यंत टिकतो. आपला कोणता हे आधी कळत नाही.

पडदा फाटणे विहिरीत विशेष धोक्याचे का, हेही सांगायला हवे. खालचे गार पाणी एका बाजूच्या मध्यकर्णात शिरले की शेजारच्या आंतरकर्णातला तोल सांभाळणारा भाग एकाएकी थंड होतो आणि भोवळ येते. वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होते. ओबडधोबड कातळाच्या अरुंद विहिरीत, गढूळ पाण्यात, या काही क्षणांची किंमत फार मोठी असू शकते.

हात न लावता

कान मोकळे करण्याची सर्वांना माहीत असलेली रीत म्हणजे नाक दाबून, तोंड मिटून फुंकणे. ती व्हाल्साल्वाच्या नावाने ओळखली जाते, पण त्याला बुडी मारणाऱ्यांची चिंता नव्हती. मध्यकर्णातला पू बाहेर काढण्यासाठी त्याने ती सुचवली होती. तारकर्ली-मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेतात तेव्हा हीच रीत शिकवतात. तिथल्या मुखवट्यात नाकही झाकलेले असते आणि त्याचा नाकाजवळचा भाग मऊ ठेवलेला असतो, तो बाहेरून चिमटीत धरता यावा म्हणून. पोहण्याच्या साध्या चष्म्यात नाक बाहेर राहते. चष्म्यातल्या हवेचा दाब वाढवायची सोयच नसते, म्हणून तो लावून खोल गेल्यास डोळे ओढले जातात.

या रीतीत बळाचा वापर आहे, आणि तोच तिचा दोष. नलिका बंद असताना फार जोराने फुंकले तर छातीतला दाब वाढतो, तो आंतरकर्णातल्या द्रवापर्यंत पोचतो आणि तिथले नाजूक पडदे दुखावू शकतात. जर्मन वैद्य हेर्मान फ्रेन्झेल यांनी वैमानिकांसाठी सौम्य रीत दिली. नाक दाबायचे, स्वरयंत्र मिटायचे आणि जिभेचे मूळ दट्ट्यासारखे वर उचलून तेवढीच हवा नलिकेकडे सारायची. यात छातीचा भाता चालत नाही, म्हणून धोका कमी. हवेत सूर मारून खाली येणाऱ्या विमानाच्या चालकाला ही युक्ती का हवी होती, हे आता सांगायला नको.

पण नाकाला हात न लावता कान मोकळे करता येतात का? श्वास रोखून खोल बुडी मारणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी असतो. पंख न लावता केवळ हातापायांच्या बळावर खाली जाणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. न्यूझीलंडचे विल्यम ट्रुब्रिज २०१६ मध्ये अशा रीतीने १०२ मीटर खोल गेले. दर मीटरला एक हात नाकाशी नेत राहिल्यास पोहायचे कशाने? काही जण नाकाला चिमटा लावून हा प्रश्न सोडवतात. इराणच्या आखातातले मोती काढणारेही पूर्वी असा चिमटा लावीत. चिमटा असला की फ्रेन्झेलची रीत हात मोकळे ठेवून चालते.

काहींना तर चिमटाही लागत नाही. फ्रेंच नौदलातल्या पाणबुड्यांमध्ये ही रीत पद्धतशीरपणे शिकवली गेली. टाळूचे स्नायू इच्छेने आवळून नलिका उघडायची आणि उघडी धरायची, बस्स. तोंड मिटून जांभईची सुरुवात करावी तसे हे असते.

येथे विद्यार्थ्याने हटकले पाहिजे : नाक दाबले नाही, फुंकले नाही, मग जास्त दाबाची हवा आली कोठून? हा सर्व लेखातला सर्वांत सुंदर मुद्दा आहे. आपली छाती ही लवचीक पिशवी आहे. पाण्यात खाली जाताच पाणी तिला बाहेरून दाबते, फुफ्फुसातली हवा आक्रसते आणि तिचा दाब आपोआप भोवतालच्या पाण्याइतका होतो. तीच हवा घशात आणि नाकामागे असते. हवी त्या दाबाची हवा नलिकेच्या दाराशी उभीच आहे, फक्त दार उघडायचे आहे. दाब पाणीच निर्माण करते. कानाचे काम दार उघडण्यापुरते. अर्थात याला सीमा आहे. ३०-४० मीटरांच्या आसपास फुफ्फुसे बरीचशी आक्रसलेली असतात, त्यांच्यातून आणखी हवा घशात येणे कठीण होते आणि वेगळ्या युक्त्या लागतात. विहिरीचा त्याच्याशी संबंध नाही.

ही कला सर्वांना साधत नाही. नलिकेचा आकार आणि स्नायूंची ठेवण माणसागणिक निराळी असते. लहान मुलांत नलिका आखूड आणि अधिक आडवी असते, तिचे स्नायूही दुबळे. म्हणून 'मोठ्या भावाला जमते, मला का नाही' याचे उत्तर धैर्यात शोधू नये.

पराक्रमाच्या गोष्टींबद्दल

खोल बुडीच्या कथा मुलांना आवडतात. १९१३ मध्ये ग्रीक बेटांपाशी 'रेजिना मार्गेरिता' या इटालियन युद्धनौकेचा नांगर हरवला. स्पंज काढणारा स्टाथिस हाट्झिस हा दगडाच्या भाराने ७० मीटरांहून अधिक खोल गेला आणि नांगराला दोर बांधून आला. गोष्ट येथे संपवली जाते. नौकेवरच्या वैद्याने त्याला तपासले तेव्हा एका कानाचा पडदा नाहीसा झालेला आणि दुसरा फाटलेला आढळला, ही पुढची ओळ गळते. आग्नेय आशियातल्या बाजाऊ लोकांच्या बुडीचे वर्णनही असेच होते. त्यांच्यापैकी अनेकांचे पडदे लहानपणीच फाटलेले असतात आणि उतारवयात ऐकू कमी येते, हे मात्र कौतुकाच्या भरात मागे पडते.

पडद्याला भोक असले की दाब बाहेरूनच समान होतो, हे भौतिकशास्त्र बरोबर आहे. पण तो कान वाचवण्याचा मार्ग नव्हे, कान देऊन टाकण्याचा आहे. अशी गोष्ट वर्गात सांगायची तर पूर्ण सांगावी.

कापसाचा बोळा, तेल किंवा घट्ट बूच घालून बुडी मारण्याविषयीही तेच. बोळा आणि तेल मध्यकर्णातला दाब वाढवू शकत नाहीत. बूच घट्ट बसले तर उलटेच घडते. ते आणि पडदा यांच्यामध्ये हवेचा आणखी एक बंद कप्पा तयार होतो आणि पडद्याला दोन्हीकडून काळजी लागते.

काय बदलावे

टीका करून थांबणे सोपे आहे, म्हणून आमच्या सूचना मांडतो. पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. फळ्यावर उद्याच त्या करता येतील.

आकृतीत नलिकेचा कानाकडचा तुकडा उघडा दाखवावा आणि पुढचा भाग एकमेकींना टेकलेल्या दोन रेषांनी. तिचे तोंड नाकामागच्या पोकळीत न्यावे. शेजारी टाळूचा स्नायू एका बाणाने दाखवावा. 'दाब समान राहतो' याऐवजी असे लिहावे : 'ही नलिका एरवी बंद असते. गिळताना किंवा जांभई देताना ती उघडते आणि तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान होतो.' दोनच वाक्ये. पान वाढत नाही.

मुलांना जमिनीवरच आपला 'टक्' शोधू द्यावा. प्रथम आवंढा गिळून, मग तोंड मिटून अर्धी जांभई देऊन, मग जबडा किंचित पुढे काढून. कोणाला दोन्ही कानांत ऐकू येतो, कोणाला एकाच कानात, कोणाला मुळीच नाही, याची वर्गात नोंद करावी. फुंकण्याची स्पर्धा मात्र लावू नये. ज्यांना सर्दी आहे, ज्यांचा कान वाहतो, त्यांनी बुडीच मारू नये आणि कान वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवावा, हेही त्याच तासाला सांगावे.

विहिरीसाठी नियम तीन. कान दुखायच्या आधीपासून, हातभर खाली गेल्यापासूनच कान मोकळे करावेत. दुखू लागला की वर यावे, तिथे हट्ट नको. एकट्याने बुडी मारू नये, आणि अधिक वेळ टिकण्यासाठी आधी जोरजोराने श्वास घेऊ नयेत. त्याने श्वासाची ओढ उशिरा जाणवते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.

आणि परीक्षेतला प्रश्न बदलावा. 'युस्टेशियन नलिकेचे कार्य लिहा' याऐवजी विचारावे : 'विहिरीत खाली जाताना कान दुखतो, वर येताना सहसा दुखत नाही. कारण सांगा.' या प्रश्नाचे उत्तर पाठ करून देता येत नाही. मराठवाड्यातल्या पोहणाऱ्या मुलाला मात्र त्यातला अर्धा भाग आधीच ठाऊक असतो. उरलेला अर्धा त्याला देणे हे शाळेचे काम. पावसाळ्यानंतर विहिरी तुडुंब भरतात. हा पाठ त्याआधी झालेला बरा.